न रडणारी बाळं

लेक बाळंतपणासाठी नाशिकला माहेरी आली, तेव्हा बायकोला उसंत नव्हती. मला काम एकच होतं, मध्ये न येणं. तेही जमलं नाही.

नातू तीन आठवड्यांचा झाला आणि रोज चारच्या ठोक्याला सूर लावू लागला, तो दिवेलागणीपर्यंत. एके दिवशी लेक म्हणाली, "बाबा, मला नाही जमत आई होणं. माझ्याकडे आला की जास्तच रडतो तो."

चित्रांतलं मला एवढंच कळतं की ती सरळ टांगावीत. तरी मोबाइलवर हुडकून मी मायलेकरांची डझनभर चित्रं जमवली आणि रंगीत छापून आणली. इजिप्तची दगडी आई, युरोपातली निळ्या शालीतली, जपानची, आपल्या राजस्थानातली. दुपारी सगळी पलंगावर मांडली.

"बघ, हजारो वर्षं, कुठले कुठले देश, पण आई तीच आणि बाळही तेच. तू काही वेगळी नाहीस."

तिने एकेक चित्र उचलून पाहिलं. डोळे भरून आले.

"यातलं एकही रडत नाहीये, बाबा."

खरंच नव्हतं. एकाही आईचे केससुद्धा विस्कटलेले नव्हते. चांगली निवडून आणली होती मी.

तेवढ्यात बायको अळिवाची खीर घेऊन आली. कमरेवर हात ठेवून तिने प्रदर्शन पाहिलं. "कोणी काढलीत?"

"मोठमोठ्या चित्रकारांनी."

"बाप्येच असणार. पोर रडायला लागलं की आईकडे देऊन चपला घालत असतील." मग लेकीकडे वळून, "तुझ्या वेळी हे रोज संध्याकाळी भाजी आणायला जायचे. दोन तास. आणायचे काय, तर कोथिंबीर."

लेक नाक पुसत हसली. "मी रडायचे एवढी?"

"समोरचे भाडेकरू खोली सोडून गेले."

"मग तू काय करायचीस?"

"काय करणार? तुझ्याशेजारी बसून मीही रडायचे."

लेक तिच्याकडे बघतच राहिली. "कधी बोलली नाहीस."

"तू आजवर विचारलंस कुठे? खीर खा, निवतेय."

चार वाजले. नुकतंच पाजलेलं असूनही नातवाने सुरुवात केली. दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्याला उचललं आणि गॅलरीत येरझाऱ्या घालू लागलो. तो माझ्याकडेही थांबला नाही.

तासाभराने आत डोकावलो. लेक चित्रांवरच आडवी झाली होती, गाढ झोपेत, तोंड उघडं. बायकोने दार हळूच लोटलं.

"आत आणू नका त्याला," ती कुजबुजली. "रडू दे तुमच्याजवळच."