झुडपाचं माप

मास्तरांना ढगळ काही शिवताच यायचं नाही. गिऱ्हाइकं म्हणायची, "मास्तर, सदरा झकास, पण श्वास घरी ठेवून यायचा का?"

बायको गेली आणि मागे कुंडीतलं झुडूप राहिलं. बारमाही हिरवं, जांभळट फुलांचं, पानापानाला पांढरा काठ. तिनं बोटभर फांदीपासून वाढवलेलं. नवऱ्याला खिजवायची, "बघा, एक टाका न घालता किनार."

थंडीच्या तोंडावर नर्सरीवाला नाकातल्या नाकात म्हणाला, "मास्तर, हे ना, नाजूक प्रकरण आहे. दव गोठलं की संपलं. झाकून ठेवा. आणि काय आहे ना, कापड…"

"कापडाचं मला सांगतोस?"



मास्तरांनी टेप घेऊन झुडपाची छाती मोजली, कंबर मोजली. कोटाच्या अस्तराची खोळ शिवली. अशी चापून बसली की पान हलायची सोय नाही.

"बाबा, लग्नाला निघालंय का ते?" सून म्हणाली. "एकदा ट्रायल तरी घ्यायची."

सकाळी खोळ काढली. जिथे जिथे कापड टेकलं होतं, तिथे पान काळं आणि लिबलिबीत. म्हणजे सगळीकडेच.

सुनेनं नर्सरीवाल्याला बोलावून आणलं. "तेच सांगत होतो ना," तो म्हणाला. "कापड टेकलं की गारठा थेट पानात उतरतो. मधे हवेला जागा हवी. आता नखानं साल खरवडा. आत हिरवं असलं तर जीव आहे."

मास्तरांनी शेंड्याला खरवडलं. तपकिरी. वीतभर खाली. तपकिरी. मास्तर कुंडीपुढे उकिडवे बसले.

"बाबा, मी बघते."

"थांब जरा."

अगदी मातीला लागून, जेमतेम दोन बोटं, हिरवी रेघ निघाली.

"आज थंडी कालच्यापेक्षा जास्त पडणार आहे," नर्सरीवाला म्हणाला.

"निघेल का यातून?"



मास्तर आत गेले. टेप खुंटीवरच राहिला. त्यांनी जाड कापडाचा अख्खा तागा जमिनीवर उलगडला आणि न मोजता कात्री चालवली. दोन बोटांच्या खुंटाला हत्तीची झूल.

सुनेच्या ओठावर काहीतरी आलं होतं. ते तिनं गिळलं आणि कापड वर तोलून धरायला चार काठ्या शोधायला गेली.