मावशींनी ‘सोडा’ म्हणेपर्यंत

मशीनवाल्या मावशींचा उजवा पाय म्हणजे मोठं प्रकरण होतं. जन्मभर शिलाई मशीन चालवून, कधी दाबायचं आणि कधी थांबायचं, हे त्या पायाला मावशींच्याही आधी कळायचं. त्यामुळे नवऱ्याच्या टॅक्सीच्या ब्रेकमधली हवा काढायची झाली की पेडलवर मावशी आणि खाली चाकाशी काका, असा घरचा रिवाज. काका ओरडायचे, "दाब!" मावशी म्हणायच्या, "धरलंय." मग काका नट सैल करायचे, तेलाबरोबर हवा बाहेर यायची आणि नट आवळून झाला की हाक यायची, "सोड." तोवर मावशींचा पाय हलायचा नाही. आधी उचलला की हवा परत आत आणि सगळं मुसळ केरात.

आता टॅक्सी थांबली होती आणि काकांच्या कंबरेनंही हात टेकले होते. गाडी लेकीला द्यायची ठरली. उद्या सकाळी ती येणार आणि तान्ह्याला घेऊन टेकडीचा तो लांबलचक उतार उतरणार. आणि आमच्या काकांनी नेमकी काल कण्हत-कुंथत ब्रेकची नळी बदलताना आत हवा घेऊन ठेवलेली! पेडल ओल्या बोळ्यासारखं दबत होतं.

"गॅरेजात न्या," मावशी म्हणाल्या.

"माझ्या गाडीला परका हात? नाव काढू नकोस."

"मग खाली कोण शिरणार? मी?"

"शिर की. इतकी वर्षं ऐकतेच आहेस."

घ्या! गाडी भक्कम लोखंडी घोड्यांवर चढवलेली होतीच. मावशींनी चटई अंथरली, नटाला पारदर्शक नळी लावली, तिचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलं आणि चाकाशी आडव्या झाल्या. कलत्या दुपारचं ऊन जमिनीलगत गाडीखाली आलं होतं.

"दाबा!"

"धरलंय."

नट सैल झाला. नळीतून बुडबुडे निघाले, एकामागून एक, काही घाई नसल्यासारखे. मावशी बघतच राहिल्या. इतकी वर्षं वर बसून काढली आणि खाली एवढं सुंदर काही चालतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं! त्या पाना फिरवणार, तेवढ्यात नळीतलं तेल सर्रकन उलटं गेलं.

"अहो, मी ‘सोडा’ म्हटलं का?"

"मला वाटलं, झालं असेल."

वाटलं म्हणे! जन्मभर यांना वाटतच आलं. सिनेमा संपायच्या आत उठायचे, बायकोचं बोलणं संपायच्या आत चपला घालायचे. लेक जन्मली त्या दिवशीसुद्धा ‘येतोच’ म्हणून भाडं घेऊन गेले होते. मावशींना एकदम सगळं दाटून आलं.

"उद्या आपली पोर या पेडलवर पाय ठेवणार आहे," त्या खालूनच म्हणाल्या. "एकदा तरी माझं होईपर्यंत थांबा."

काकांनी पेडल पुन्हा दाबलं.

मग एकेक चाक झालं. दाबा, धरलंय, सोडा. मध्ये मध्ये बॉनेटखालच्या डबीत नवं तेल. शेवटच्या चाकाशी नळीत एकही बुडबुडा उरला नाही, नुसतं मधासारखं तेल. मावशींनी नट आवळला आणि त्या तेलाकडे बघता बघता त्यांचे डोळे मिटले. कुठंतरी मशीन चालू होतं, पायाखालून लांबच लांब पिवळं कापड वाहत होतं आणि ते संपायची कुणालाच घाई नव्हती.

जाग आली तेव्हा ऊन सरकून पायांवर गेलं होतं.

"अहो?"

"धरलंय." आवाज चिरका झाला होता.

"अगं बाई! नट तर मी केव्हाच आवळलाय! पाय गेला असेल तुमचा!"

"थरथरतोय. पण पेडल दगड झालंय बघ, पोर निर्धास्त जाईल."

"मग उचलायचा ना पाय!"

"तू ‘सोडा’ म्हणाली नाहीस ना."

मावशींना रडू फुटलं. तेलकट हाताने डोळे पुसताही येईनात. ‘सोडा’ अगदी ओठांवर आलं होतं.

"अजून थोडं धरा," त्या म्हणाल्या.

आणि काकांनी धरलं.