गच्चीवरचा व्हिडिओ कॉल

एप्रिल उजाडला की आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतल्या बायकांना गच्चीचे वेध लागत. पहाटे गव्हाचा चीक शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत जुन्या साड्यांवर कुरडया पाडून मोकळं व्हायचं. बराचसा चीक तूप-मीठ घालून आमच्या पोटातच जायचा. आता विकतच्या कुरडयांचं पाकीट हातात घेतलं तरी त्या सकाळींसाठी जीव तुटतो.

आमच्यात सगळ्यात लहान होती ती माझ्या समोरच्या फ्लॅटमधली, नुकतंच लग्न झालेली. सोऱ्याने कुरडई पाडण्यात तिचा हात धरणारी कुणी नव्हती. नवरा ठाण्याला नोकरीला. तासातासाला त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. तिचे हात चिकाने बरबटलेले, म्हणून फोन मी धरायचे.

"ताई, जरा गच्ची दाखवा ना," तो म्हणायचा. मी हौसेने फोन गोल फिरवायचे. सगळ्याजणी हात हलवायच्या.

"भावजी, पळून नाही जात हो बायको!" असं म्हणून आम्ही खिदळायचो. आमच्यातल्या कितीतरी जणींच्या नवऱ्यांना बायको जेवली की नाही याचाही पत्ता नसायचा. आम्हाला तिचा हेवाच वाटायचा.

फोन ठेवल्यावर ती मान खाली घालून पुन्हा सोऱ्या दाबायला लागायची. मला वाटायचं, लाजली. घालायच्या ड्रेसचा ती त्याला आधी फोटो पाठवायची, भाजीला जातानाही लोकेशन चालू ठेवायची, हे मला ठाऊक होतं. पण त्याने कधी हात उगारला नव्हता. छळ म्हणजे मार, शिव्या, दारू, एवढीच माझी अक्कल. याला मी काळजी म्हणत होते.

तिसऱ्या उन्हाळ्यात एका दुपारी ती पिशवी घेऊन माझ्या दारात आली.

"ताई, आंबिवलीला आईकडे चाललेय. ह्यांना सांगू नका हं."

नवरा-बायकोचा रुसवा, दुसरं काय, असं मी धरून चालले. संध्याकाळी तो आला. डोळ्यांत पाणी, शर्ट घामाने भिजलेला. "ताई, तिचा फोन बंद आहे. काळजीने वेड लागायची वेळ आलीय." मला कळवळून आलं. मी त्याला पाणी दिलं आणि सांगून टाकलं. वर एक संसार सावरला म्हणून स्वतःवर खूश झाले.

दुसऱ्या दिवशी ती पॅसेजमध्ये दिसली. "मिटलं ना गं?" मी विचारलं. तिने ओठांवर बोट ठेवलं. "आत फोन चालू आहे," ती कुजबुजली. "आता दिवसभर कॉल बंद करायचा नाही म्हणालेत."

आतून त्याचा आवाज आला, "कोण आहे? दाखव."

तीन उन्हाळे तो फोन मीच तर धरत होते. मला माझीच इतकी लाज वाटली की मी घरात आले आणि दार लावून घेतलं. उरलेल्या कुरडया त्या वर्षी मी केल्याच नाहीत.

गणपती झाल्यावर एका सकाळी त्याने पुन्हा माझी बेल वाजवली. "ताई, ती कुठे गेलीय? तुम्हाला सांगून गेली असेल ना?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. या वेळी खोटं बोलायची माझी पुरती तयारी होती. त्याची गरजच पडली नाही. ती मला सांगून गेली नव्हती.