अकरा तासांचं विमान

अमेरिका किती तासांवर आहे, हे त्या वर्षी सोलापुरात मला जितक्या जणांनी विचारलं, तितक्यांनी मुंबईसुद्धा पाहिलेली नसेल. डोक्याला नुसता ताप. कुणी म्हणे दोन दिवस, कुणी म्हणे विमानाला रस्त्यात खड्डे लागत नाहीत, दुपारपर्यंत पोचतंय.

खरा ताप घरातच होता. धाकटी बहीण लग्न होऊन न्यूयॉर्कला गेलेली. पहिलं मूल पोटातच गेलं, आता पुन्हा दिवस भरत आले होते. तिनं पत्रात एवढंच लिहिलं, 'अव्वाला पाठव. मला भीती वाटते.' अव्वा म्हणजे आमची आई. दीक्षा घेतल्यापासून तिची सकाळ-संध्याकाळची लिंगपूजा एकदाही चुकलेली नव्हती. आंघोळीशिवाय पूजा नाही आणि पूजेशिवाय पाण्याचा घोट नाही. आता विमानात आंघोळ कुठून आणायची?

"किती तास लागत्यात, तेवढं नीट सांग की," ती रोज म्हणायची.

तिकीट हातात आलं आणि मला युक्ती सुचली. मुंबईहून सकाळी सहाला निघायचं, न्यूयॉर्कला त्याच तारखेला संध्याकाळी पाचला उतरायचं. तसं छापलेलंच होतं. तिथलं घड्याळ आपल्या दहाएक तास मागं चालतं, हे मात्र छापलेलं नव्हतं. "अकरा तास," मी सांगून टाकलं. "सकाळची पूजा मुंबईत कर, संध्याकाळची लेकीच्या घरी."

तेवढ्यात मामा टपकले. अव्वाचे भाऊ, मंद्रूपचे. दुकान भुसार मालाचं, पण जगाची माहिती सगळी यांच्याकडंच. "आठ हजार मैल अकरा तासांत? करमाळ्याला जाऊन यायचं तर आमचा दिवस मोडतोय. एकवीस तरी..." मी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं. म्हटलं, मामा, पाया पडतो, पण गप्प बसा.

पुढचे पंधरा दिवस तोच छळ. ज्वारी निवडताना, भाकरी थापताना, देवळातून येताना ती विचारायची, मी अकरा म्हणायचो. शेवटी माझं टाळकं सटकलं. "अव्वा, एकच गोष्ट किती वेळा सांगायची?" ती "व्हय व्हय" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. विमानतळावर आत जातानाही मागं वळून विचारलंच. मी तिथंही वैतागून अकरा म्हणालो. तिला नीट निरोपसुद्धा दिला नाही.

महिन्याभरानं पत्र आलं. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. खाली बहिणीनं अव्वाच्या तोंडचा मजकूर तिच्याच शब्दांत उतरवला होता.

"मामानं मला खरे तास त्याच दिवशी सांगितले हुते. विमानात मी घड्याळ सोलापूरचंच ठेवलं. आपल्याकडं सांज झाल्यापासून पाणी घेतलं न्हाय. पूजा चुकली. चुकणार हे घरातनं निघतानाच ठावं हुतं. माझ्या एकटीच्या जिवावर माझा पाय उचलला नसता. तू अकरा म्हणत राहिलास, म्हणून मी आले."