दोन अंश खाली

आरमोरीच्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून साधना मॅडमना बावीस वर्षं झाली होती. पोरं वहीत उत्तर आधी लिहीत आणि प्रयोग मागाहून करीत, हे त्यांनी बावीस वेळा सहन केलं होतं. यंदा बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला चंद्रपूरचे परीक्षक आले तेव्हा निदान आजचा दिवस तरी धड जावा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

प्रयोग सोपा. थर्माकोलच्या पेल्यात शंभर मिली पाणी घ्यायचं, दहा ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड टाकून ढवळायचं आणि पाण्याचं तापमान किती बदललं ते लिहायचं. तेवीस जणांनी लिहिलं, सोळा अंश चढलं. चोविसावी दामिनी. तिने लिहिलं, दोन अंश उतरलं.

परीक्षकांनी लाल पेन उघडलं. दामिनीच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या तलावावर मासेमारी. बारावीपर्यंत पोचलेली ती पहिली. प्रात्यक्षिकात नापास झाली तर वर्ष गेलं.

"अगं, उतरेल कसं? पुस्तकात काय लिहिलंय?" मॅडम करवादल्या.

"पुस्तकात चढते, मॅडम. इथी उतरून राह्यलं."

"खोडून नीट लिही."

"मंग पुन्हा करून पाहू का? पण जे दिसन तेच लिहीन."

मॅडमनी वैतागून तिच्यासमोरच नवा पेला भरला, क्षार टाकला, ढवळला. तापमापीतला पारा उतरू लागला. बावीस. एकवीस. वीस.

"मुखरूभाऊ!"

प्रयोगशाळा सांभाळणारे मुखरूभाऊ दारातूनच म्हणाले, "बरणी तेच हाय मॅडम. ढेकळं झाले होते, म्या खलबत्त्यात कुटून बारीक केलं."

"ढेकळं? कशानं?"

भाऊंनी टोपी सरळ केली. "कपाटात मोहफुलं ठेवली होती ना आमची. पावसात त्याईले ओल लागते. म्हणून बरणीचं झाकण उघडून ठेवलं. हे पावडर ओल वढून घेते, तुमीच त पोराईले सांगतलं होतं."

मॅडमनी डोळे मिटले. बावीस वर्षांत आपलं शिकवणं मनापासून कुणी ऐकलं असेल, तर ते मुखरूभाऊंनी.

गप्प राहणं सोपं होतं. पोरीचं चुकलं म्हटलं, की प्रयोगशाळेची अब्रू झाकली जाणार होती. पण मॅडम परीक्षकांकडे वळल्या.

"सर, क्षार आमचा बिघडलेला आहे. मुलीचं बरोबर आहे. स्फटिकात आयन एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. त्यांना सोडवायला ऊर्जा लागते. सुटलेल्या आयनांना पाणी बिलगलं की ऊर्जा बाहेर पडते. कोरड्या क्षारात ही बाहेर पडणारी जास्त, म्हणून पाणी तापतं. याला पाणी आधीच बिलगलंय. ती उष्णता पावसाळाभर कपाटात निघून गेली. आता सोडवणंच जास्त उरलं. त्यासाठी लागणारी उष्णता क्षार पेल्यातल्या पाण्यातूनच घेणार."

परीक्षकांनी वीस अंशांवर थांबलेला पारा स्वतः वाकून पाहिला. मग बाकीच्या वह्यांकडे.

"बाई, मग या तेवीस जणांचं सोळा अंश चढलं ते कसं?"

वर्गात कुणीतरी उगाच खोकलं.

"मागच्या वर्षीच्या वह्यांमधून चढलं, सर," मॅडम म्हणाल्या.

परीक्षकांनी दामिनीला पूर्ण गुण दिले आणि बाकीच्यांना पेले पुन्हा भरायला लावले. दामिनी खिडकीशी जाऊन उभी राहिली. रडू येतंय की हसू, तिचं तिलाच ठरत नव्हतं. मॅडम खुर्चीत टेकल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी पोचलं असेल, असं त्यांना वाटू लागलं, तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या रोशनने पाणी ओतायच्या आधीच वही उघडली.

"मॅडम, मंग आता सगळ्याईनं दोन उतरलं असंच लिवाचं ना?"