न दाखवलेला तणमोर

वहिनींनी दुर्बीण पुसायला घेतली की आमच्या घरात सगळे ओळखतात, आता कुणाची तरी रजा जाणार. या वेळी माझी गेली. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, शैलजा. संगमनेरात आमचं एकत्र घर आहे. वहिनींना पक्षी कळतात, गाडी चालवता येत नाही. मला गाडी चालवता येते आणि पक्ष्यांमधलं जे काही कळतं ते त्यांच्या मागे हिंडून, बळेच कळलेलं. त्यामुळे आमची जोडी जमते, असं लोक म्हणतात. गाडीत आम्ही किती भांडतो ते लोकांना माहीत नाही.

या भांडणाचं मूळ गेल्या श्रावणातलं. एका बारशाहून एसटीने परतताना, कर्जत तालुक्यात मिरजगावच्या पलीकडे कुठेतरी, वहिनींना खिडकीतून तणमोर दिसला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तणमोर हा माळढोकाचा धाकटा भाऊबंद. कोंबडीएवढा, लांब पायांचा. पावसाळ्यात नर काळा-पांढरा होतो, डोक्यामागे केसांसारखी पिसं येतात, आणि मादीला बोलावायला तो उंच गवतातून उसळी मारून वर येतो. देशात आता फार थोडे उरलेत. आपल्या जिल्ह्यात कुणी पाहिला म्हटलं की पक्षीवाले खुर्चीवरून उठतात.

आमच्या पक्षीमित्र मंडळातले उठले नाहीत, हसले. "एसटीतला तणमोर" असं नावच पडलं. नेमकी जागा वहिनींना सांगता येईना, फोटो नव्हता. मंडळ आता जिल्ह्यातल्या पक्ष्यांची पुस्तिका काढतंय. मंडळाचा नियम असा, की अशी नोंद धरायची तर जागा सांगायची आणि दोन सभासदांनी जाऊन खात्री करायची. मंडळाचे प्रमुख, ज्यांना आम्ही सर म्हणतो, त्यांनी गोड शब्दांत सुचवलं की वहिनींनी ती नोंद मागे घ्यावी. पुढच्या रविवारी शेवटची बैठक होती. त्याआधी तणमोर सापडला तर ठीक, नाहीतर इतकी वर्षं माळ तुडवलेल्या बाईला सगळ्यांसमोर "भास झाला" म्हणावं लागणार होतं.

एवढं असताना माणूस सरळ कर्जतला जाईल की नाही? वहिनी म्हणाल्या, "आधी भंडारदऱ्याकडे जाऊ, मग नेवासा, मग कर्जत. डोंगर, पाणी, माळ, सगळा जिल्हा होईल." माझं डोकंच फिरलं, पण गाडी काढली.

अकोले गावापर्यंत रस्ता बरा आहे. राजूरच्या पुढे खड्डे पावसाने भरलेले असतात आणि त्यांची खोली गाडी आत गेल्यावरच कळते. छोटी गाडी असेल तर जपून. जंगलात धुकं असं होतं की दुर्बीण गळ्यात नुसती लटकत राहिली. पण ओढ्याकाठी शीळ घालणारा कस्तुर ऐकू आला. रिकामटेकडा मुलगा रस्त्याने शीळ घालत जातो तसा, सूर अर्ध्यात सोडून देणारा. एरवी वहिनी त्याच्यासाठी चिखलात बसतात. त्या दिवशी दोन मिनिटं ऐकून म्हणाल्या, "चल." एका घरगुती ठिकाणी राहिलो. नाचणीची भाकरी, पिठलं, कुळथाचं कढण. खोली साधी पण कोरडी, आणि पावसाळ्यात तिथे कोरडी खोली मिळणं हेच मोठं. जाणार असाल तर आधी फोन करून जा, शनिवार-रविवार पाय ठेवायला जागा नसते.

दुसऱ्या दिवशी परत खाली उतरून लोणी, श्रीरामपूर करत नेवासा. दोन्ही बाजूंना ऊस, त्यामुळे बघण्यासारखं काही नाही, असं मी म्हटलं आणि वहिनींनी लगेच तारेवरची कापशी घार दाखवून मला गप्प केलं. प्रवरा जिथे गोदावरीला मिळते तिथे जायकवाडीचं पाणी मागे पसरतं. संध्याकाळी काठावर चित्रबलाक चिखलात पाय रोवून उभे होते, चमचे पक्षी आपली चपटी चोच डावी-उजवी फिरवत चालले होते, वर नदी सुरय घिरट्या घालत होते. मी भराभर फोटो काढत होते. वहिनी घाटाच्या पायरीवर बसून राहिल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"मनू, मला आता आठवतंय ते पक्षी दिसल्याचं आठवतंय का मी इतक्यांदा सांगितल्याचं, तेच कळेना."

त्या पुढे म्हणाल्या, "उद्या नाही दिसला तर दिसला नाही म्हणून सोडून देता येईल. पण मग मला पुढे काहीही दिसलं तरी माझाच विश्वास बसायचा नाही. म्हणून उद्या नको वाटतंय."

तेव्हा कळलं, हा डोंगर-पाण्याचा वळसा कशासाठी होता. दोन दिवस त्यांना टोमणे मारले होते त्याची लाज वाटली. रात्री जेवताना मी उगाच त्यांच्या ताटात जास्तीची भजी वाढली आणि त्यांनी ती परत माझ्या ताटात टाकली.

तिसऱ्या दिवशी नगर ओलांडून सोलापूरचा रस्ता धरला. हवा कुंद होती, पण पाऊस नव्हता. एका साध्या खानावळीत शिपी आमटी आणि बाजरीची भाकरी खाल्ली. त्या भागात गेलात तर ही आमटी खाल्ल्याशिवाय येऊ नका, मात्र पाणी जवळ ठेवा. वहिनी भाकरीचा तुकडा नुसता आमटीत फिरवत होत्या. मालक म्हणाला, "ताई, आमटी लई तिखट झाली का?" त्या नाही म्हणाल्या आणि अर्धी भाकरी पिशवीत ठेवली.

मग शोध सुरू झाला. वहिनींना एसटीतून दोनच गोष्टी आठवत होत्या, चुना फासलेल्या दगडांची रांग आणि तिच्यामागे गवतात हिवराचं एकटं काटेरी झाड. तुम्ही कधी माळावर एकटा हिवर शोधलाय? दर वळणावर एक असतो. आम्ही एका फाट्याला वळायचो, कच्च्या रस्त्याने जायचो, तिथे तूर नाहीतर नुकताच नांगरलेला माळ. परत मागे. एके ठिकाणी मागचं चाक चिखलात फिरायला लागलं आणि मी उतरून त्याखाली दगड टाकले, साडी खोचून वहिनींनी मागून ढकललं. दुपार कलली. आता परतायचं कधी म्हणायचं हे मला ठरवावं लागणार होतं.

आणि मग चुन्याचे दगड दिसले. ते कुठे दिसले हे मी लिहिणार नाही. कर्जतकडे फाटे भरपूर फुटतात, त्यातला कुठला ते विचारू नका. कॉमेंटमध्ये विचारलंत तरी उत्तर मिळणार नाही. का, ते पुढे कळेल.

कंबरेएवढं गवत, पवन्या नि कुसळी, वाऱ्याने एका अंगावर झुकलेलं. गाडी रस्त्याकडेला लावून काचा खाली केल्या. पक्षी माणसाला घाबरतात, गाडीला फारसे नाही, म्हणून आतच बसायचं. चंडोल वर चढून गात होता. दोन चिंकारा, की काळवीट माद्या, लांबून गेल्या. बाकी नुसतं गवत. वहिनींचा हात कॅमेऱ्यावर होता. ढग काळे होत चालले. पाऊस आला असता तर संपलंच होतं.

गवतातून तो वर आला. आधी मला वाटलं कुणी चेंडू फेकला. काळा, पंख पांढरे, पाय खाली सोडलेले. हवेत क्षणभर फडफडला आणि बेडकासारखं घर्रर्र करत सरळ खाली गेला. कॅमेऱ्याचा आवाज झाला की नाही मला कळलंच नाही. थोड्या वेळाने तो पुन्हा उसळला, त्याच जागेवरून. वहिनींनी डोळ्याचा कॅमेरा काढला आणि नुसत्या मान खाली घालून रडल्या. मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिले. खरं तर मला गाडीतून उतरून नाचायचं होतं.

पण फोटो लांबून होता. जवळून एक हवा म्हणून मीच दार उघडून चुन्याच्या दगडाकडे निघाले.

"ओ बाई, कुरनात पाय ठिवू नका!"

शेजारच्या वस्तीवरून एक बाई झपाझप येत होती, हातात खुरपं. तिचं नाव पारूबाई म्हणूया. मी जागीच थिजले. "दसरा होईस्तोर इथं कुनी जात न्हाई. गुरं न्हाई, मानूस न्हाई. आमच्या भावकीचं कुरन बंद हाय," ती म्हणाली. "काय बघताय?"

"हरणं," वहिनी म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

पारूबाईने त्यांच्या लाल डोळ्यांकडे पाहिलं. "हरनं पाहून कुनी रडतं व्हय? तुमी त्या उड्या मारनाऱ्या पाखरापायी आला. आमी बघतो की त्याला. दरसाल येतंय."

वहिनींचा चेहरा उजळला. पारूबाईचा उतरला. "फोटु काढला का?"

"काढला."

"मग ऐका बाई. मागं त्या माळढोकाच्या अभयारन्यापायी आमच्याकडं जमिनीचं काय बी करायला गेलं की परवानगी, हे न्हाई आन् ते न्हाई. माझ्या दिराला भावकीची वाटनी नावावर करून घिता येईना, किती वर्सं. म्हातारा त्यातच गेला. आता कुटं जरा मोकळं झालंय. आन् पुन्हा असंच एक पाखरू हाय म्हनून कुनाला कळलं, तर आमची पोरं काय करतील म्हाईत हाय का? दसऱ्याची वाट बघनार न्हाईत. एका दिसात कापतील कुरन आन् ट्रॅक्टर घालतील. म्हनतील, गवतच न्हाई तर पाखरू कशाला येतंय." ती जरा थांबली. "मी कुनाला सांगत न्हाई. मला ते आवडतंय. तुमी बी सांगू नका."

वहिनींनी कॅमेऱ्याला झाकण लावलं. मग म्हणाल्या, "नाही सांगणार."

पारूबाईने आम्हाला वस्तीवर नेऊन चहा पाजला, कपात दूधच जास्त. निघताना वहिनींनी पिशवीतली अर्धी भाकरी तिच्या कुत्र्याला घातली.

गाडीत मात्र मी सोडलं नाही. "फोटो तर दाखवा. जागा नका सांगू."

"मागे देवळाचं शिखर आलंय, मंडळातल्या अर्ध्यांना ते ओळखता येईल."

"ते कापून टाकू."

"मग विचारत बसतील, कुठे, कुठे. कुणीतरी शोधून काढेलच. मोठ्या लेन्सवाले दहाजण उद्या त्या दगडाजवळ उभे."

"आणि तुम्ही? तुम्हाला खोटं ठरवतील ते."

"ठरवू देत."

"तीन दिवस गाडी मी चालवलीये," मी ओरडले. "चिखलात दगड मी टाकले. मलाही दिसलाय तो."

"म्हणून तर सांगते, मनू. तुला दिसलाय, मला तेवढं पुरे." नगर येईपर्यंत मी बोलले नाही. इतका राग मला गेल्या कित्येक वर्षांत आला नव्हता.

रविवारी सरांच्या घरी बैठक झाली. पोहे झाले, चहा झाला. सरांनी विचारलं, "मग वहिनी, दिसला का?"

"दिसला."

"कुठे?"

"ते सांगणार नाही."

"फोटो?"

"आहे. तोही दाखवणार नाही."

कुणीतरी म्हणालं, "या वेळी एसटी थांबली होती वाटतं," आणि हशा झाला. कॅमेऱ्याचं कार्ड माझ्या पर्समध्ये होतं, वहिनींनीच ठेवायला दिलं होतं. माझा हात चेनवर गेला. वहिनींनी माझ्याकडे पाहिलंही नाही, त्या सरांकडे बघत होत्या. सर समजुतीच्या सुरात म्हणाले, "होतं असं कधीकधी. आपल्याला जे बघायचं असतं तेच दिसतं." आणि त्यांनी नोंदीवर रेघ ओढली. चेन मी उघडली नाही. ते मला कसं जमलं, मलाच माहीत नाही.

ही पोस्ट वहिनींना वाचून दाखवूनच टाकतेय. खाली फोटो आहेत ते कस्तुराच्या ओढ्याचे, चित्रबलाकांचे, आमटीचे. तणमोराचा नाही. पटत नसेल तर सोडून द्या, तुमचा दोष नाही. कर्जतकडे गेलात तर रस्त्यावरून बघा, आणि चुन्याचे दगड दिसले तर अलीकडेच थांबा.

त्या रविवारी संध्याकाळी मी ओसरीवर भाजी निवडत होते. भाऊजी, म्हणजे वहिनींचे यजमान, शेजारी येऊन बसले. वर्षभर घरात त्यांनी हा विषय कुणाला काढू दिला नव्हता. मला वाटायचं, बायकोच्या बाजूने आहेत. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "मनीषा, खरं सांग. होता का गं पक्षी?"

आत स्वयंपाकघरात पोळ्या चालल्या होत्या. लाटण्याचा आवाज थांबला.

"होता," मी म्हटलं. "दोनदा पाहिला मी."

भाऊजींनी माझ्या पुढ्यातली एक जुडी घेऊन निवडून टाकली. मग उठून आत गेले आणि दारात उभे राहून म्हणाले, "शैला, कसा असतो गं तो?"

वहिनींनी कार्ड मागितलं नाही. पोळपाट बाजूला सरकवला, आणि पिठाचा हात खालून झपकन वर नेऊन दाखवला. "असा. गवतातून असा."