डावीकडे तोंड केलेली माणसं

माझा धाकटा भाऊ चित्रकलेच्या कॉलेजात पाच वर्षं होता. अभ्यासक्रम चार वर्षांचा. पाचवं कशाला लागलं असं कुणी विचारलं की आई म्हणते, "त्याचं काम फार बारीक असतं." बारीक वगैरे काही नाही. त्याला उजवीकडे तोंड केलेली माणसं काढता येत नव्हती, एवढंच.

खोटं वाटत असेल तर त्याची कुठलीही वही उघडा. म्हातारा, राक्षस, पोलीस, कुत्रा, सगळ्यांची तोंडं डावीकडे. उजव्या हाताने काढणाऱ्याला तसा चेहरा सोपा जातो म्हणे. पहिल्या वर्षी बहुतेकांचं असंच असतं, मग ते शिकतात. आमच्या चिरंजिवांनी त्याला 'माझी स्टाइल' असं नाव दिलं आणि शिकायचं टाळलं. त्यामुळे त्याच्या कॉमिकमधली माणसं कडाकडा भांडत असली तरी तिकिटाच्या रांगेत उभी असल्यासारखी दिसायची. नवरा बायकोच्या पाठीकडे बघून प्रेम व्यक्त करतोय आणि बायको चौकटीबाहेर बघतेय.

तोरा मात्र विचारू नका. कॉलेजात पाऊल टाकल्यापासून घरातल्या पडद्यांचं 'पॅलेट' चुकलेलं होतं, आणि आईच्या ओट्यावर 'व्हिज्युअल क्लटर' होता. तो ओटा आवर म्हटलं तर साहेब 'प्रोसेसमध्ये' असायचे. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, दिवसभर लोकांच्या नाकाकानांवर फ्रेम बसवते. एकदा मी त्याला म्हटलं, "अरे, माणसाचे दोन कान कधी एका उंचीवर नसतात. तुझ्या चित्रांत कसे असतात?" तर मान तिरकी करून म्हणतो, "ताई, तू मोजतेस. मी बघतो."

हा बघतो! समोर चार दिवस पडलेला स्वतःचा ओला टॉवेल याला कधी दिसला नाही.

चौथ्या वर्षी त्याने ढगांतलं शहर काढलं. साठ रहिवासी, प्रत्येकाचा वेगळा पोशाख, प्रत्येकाच्या टोपीचा इतिहास. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळं शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "डावीकडे नक्की काय चाललंय?" मग नापास केलं. तो माणूस मला फार आवडला. तीन दिवस घरात सुतक असल्यासारखं होतं, पण मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला.

पाचव्या वर्षी त्याच्या बाईंनी सांगितलं, ढग पुरे, आता घरातला खरा माणूस घे. त्याने बाबांना घेतलं. चाळीस पानांचं कॉमिक. अट अशी की ज्याच्यावर पुस्तक आहे त्याने ते वाचून 'हा मीच' असं स्वतःच्या हाताने लिहून सही करायची. त्या कागदाशिवाय पुस्तक जमा होणार नाही, आणि सहावं वर्ष कॉलेज देत नाही. म्हणजे बाबांनी मान हलवली तर पदवी, नाहीतर पाच वर्षं पाण्यात.

बाबा छापखान्यात होते, कागदाला घड्या घालणाऱ्या मशीनवर, तीस वर्षं. मशीन त्यांच्या डाव्या हाताला असायचं. डावा कान त्या आवाजात गेला. त्या बाजूने आता त्यांना काही म्हणजे काही ऐकू येत नाही, उजवा मात्र ठणठणीत आहे. याबद्दल बोललेलं त्यांना आवडत नाही, म्हणून आमच्या घरात कुणी बोलत नाही. जेवायच्या टेबलावर आई आणि मी गुपचूप त्यांच्या उजवीकडे बसतो. भाऊ डावीकडे बसतो, कारण चार्जरचं बटण तिकडच्या भिंतीवर आहे.

रविवारी सकाळी त्याने पुस्तक बाबांसमोर ठेवलं आणि स्वतः डावीकडच्या खुर्चीत बसला. सोमवारी जमा करायचं होतं. बाबांनी चष्मा लावला, आधी पानांच्या कडा अंगठ्याने तपासल्या, "घडी सरळ आहे," म्हणाले आणि वाचायला लागले.

मीही शेजारून बघत होते. चाळीसच्या चाळीस पानांवर बाबा डावीकडे तोंड करून. त्यामुळे दिसत होता तो फक्त डावा कान. पण कान हुबेहूब होता, पाळीवरच्या चिरेसकट. मॅनेजर त्या कानात ओरडतोय, आई त्या कानात हसतेय.

बाराव्या पानावर बाबा थांबले. चित्रात हेच टेबल. बाबा पेपर वाचतायत आणि मागून भाऊ त्यांच्या कानाशी म्हणतोय, 'बाबा, मी चित्रं शिकायला जाऊ?' बाबा म्हणतात, 'हो.' खाली मोठ्या अक्षरांत: 'त्या एका शब्दावर मी आजवर उभा आहे.'

"हे कधी झालं?" बाबांनी विचारलं.

"शाळा संपली त्या उन्हाळ्यात," भाऊ म्हणाला.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सवयीने तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

"मला विचारलं होतं याने?"

"बाबा, तुम्ही हो म्हणालात," भाऊ म्हणाला. तेही मी पुन्हा सांगितलं.

बाबांनी पुस्तक खाली ठेवलं. "मला त्या कानाने ऐकू येत नाही रे. तू तिकडून काही बोललास की मी हो म्हणतो. लहान होतास तेव्हापासून. तू पिशवी अडकवून निघालास तेव्हा कळलं कॉलेजचं. मला वाटलं, तुझ्या आईने ठरवलंय."

आईने हातातलं भांडं तसंच धरून ठेवलं. मला पाच वर्षांत पहिल्यांदा त्याच्यावर हसू आलं नाही. त्याला ठाऊक नसेल हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. दोनशे वेळा तरी त्याने तो कान काढला असेल. आणि दिवसभर लोकांचे कान बघणारी मी, त्याला एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

तो उठला. चार्जरची वायर पायात अडकून निघाली, तिकडे त्याने पाहिलंही नाही. टेबलाला वळसा घालून तो आला, मी माझी खुर्ची त्याला दिली.

"बाबा," तो उजवीकडून म्हणाला, "ऐकू आलं असतं तर काय म्हणाला असतात?"

बाबांना खोटं बोलता येत नाही. "नाही म्हणालो असतो."

"अहो," आई म्हणाली.

सहीचा कोरा कागद आणि पेन टेबलावर तसेच पडले होते. भाऊ मान खाली घालून बसला. बाबांनी बारावं पान पुन्हा एकदा पाहिलं, मग उलटत उलटत पहिल्या पानावर आले आणि पुस्तक त्याच्यापुढे ठेवलं.

"पहिल्यापासून वाचून दाखव," ते म्हणाले. "इथूनच वाच, उठू नकोस."

मग त्यांनी चष्मा काढला, मिटला आणि माझ्याकडे सरकवला.